रक्तांतली साखर उतरते तेव्हां

मधुमेहाचें नांव काढलें कीं, वाढलेली साखर आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. चहांतली साखर बंद होते, सणाच्या दिवशीं पानावरचें पक्वान्न मागें सारलें जातें, आणि प्रयोगशाळेंतून आलेल्या कागदावरील आंकडा गेल्या वेळेपेक्षां खालीं आलेला पाहून घरांतील सर्वांना समाधान वाटतें. तें समाधान रास्तच आहे. परंतु हा आंकडा जितका खालीं जाईल तितकें चांगलें, अशी जी एक समजूत कित्येक सुशिक्षित कुटुंबांतूनहि रूढ झाली आहे, ती मात्र खरी नाहीं. वाढलेली साखर शरीराचें नुकसान करते तें बहुधा वर्षानुवर्षें आणि हळूहळू. फार उतरलेली साखर तेंच काम कांहीं मिनिटांत करूं शकते. ह्या दुसऱ्या संकटाचें स्वरूप काय, तें ओळखावें कसें, आणि ओळखल्यावर घरच्या माणसांनीं काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडें अंकगणित करूं. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. निरोगी माणसानें रात्रभर कांहीं खाल्लें नसतां त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत साधारणपणें ७० पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत साखर सांपडते. म्हणजे सगळ्या रक्तांत मिळून फार तर ५ ग्रॅम. चहाच्या एका लहान चमच्यांत मावते तेवढीच ही साखर! आतां खर्चाची बाजू पाहा. आपला मेंदू वजनानें शरीराचा अवघा पन्नासावा भाग. पण विश्रांतीच्या वेळीं शरीराला जी शक्ति लागते तिचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा वापरतो. दिवसाकांठीं त्याला सुमारें १२० ग्रॅम ग्लुकोज लागतें, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. रक्तांत शिल्लक एक चमचा, आणि एकट्या मेंदूचा खर्च तासाला एक चमचा, असा हा हिशेब आहे. शिवाय मेंदूपाशीं स्वतःचा म्हणण्यासारखा सांठा नाहीं. स्नायूंना अडचणीच्या वेळीं चरबीवर निभावतां येतें. मेंदूला तसें येत नाहीं. दीर्घ उपवासांत यकृत चरबीपासून जीं निराळीं द्रव्यें तयार करतें त्यांवर तो कांहीं अंशीं गुजराण करतो. परंतु ती व्यवस्था लागावयास वेळ जावा लागतो. साखर एकाएकीं उतरली तर तिचा उपयोग होत नाहीं.

मग रात्रीं नऊला जेवून सकाळीं सातला उठणाऱ्या माणसाचा मेंदू रात्रभर चालतो कशावर? याचें उत्तर क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें शोधून काढलें. यकृतांतून रक्तांत साखर सोडली जाते, हें त्यानें १८४८ सालीं दाखविलें, आणि १८५७ मध्यें यकृतांत सांठविलेला पिष्टासारखा पदार्थ त्यानें वेगळा करून दाखविला. त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतों. यकृत ही शरीराची कोठी आहे. जेवणानंतर जास्तीची साखर तेथें भरून ठेवली जाते आणि पुढें गरजेप्रमाणें काढून दिली जाते. या कोठींत सुमारें १०० ग्रॅम माल मावतो. स्नायूंतहि याहून मोठा सांठा असतो. पण तो स्नायूंनीं स्वतःच वापरावयाचा, रक्ताला उसना देतां येत नाहीं. कोठींतला माल संपत आला कीं यकृत दुसऱ्या पदार्थांपासून नवी साखर बनवूं लागतें.

कोठीची किल्ली दोघांच्या हातीं असते, असें म्हणावयास हरकत नाहीं. स्वादुपिंडांतून निघणारें इन्सुलिन हें साखर रक्तांतून काढून आंत भरण्याची आज्ञा देतें. त्याच स्वादुपिंडांतून निघणारें ग्लुकागॉन साखर बाहेर काढण्याची आज्ञा देतें. निरोगी माणसांत साखर ८० च्या आसपास उतरतांच इन्सुलिनचें पाझरणें कमी होतें. ती ७० च्या खालीं जाऊं लागली कीं ग्लुकागॉन आणि त्याच्या मदतीला ॲड्रिनॅलिन रक्तांत येतें. एवढ्यानें बहुधा काम भागतें, आणि आंत काय घडलें याची आपणांस वार्ताहि नसते.

कोठी रिकामी असेल, किंवा नवी साखर बनविण्याची वाट अडली असेल, तर काय होतें याचें एक हृदयद्रावक उदाहरण आपल्याच देशांत आहे. बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्हा लिचीच्या बागांकरितां प्रसिद्ध आहे. तेथें अनेक वर्षें मे-जून महिन्यांत, लिचीच्या हंगामांत, रात्रीं चांगलीं झोपलेलीं गरीब घरचीं मुलें पहाटे आंचके येऊन बेशुद्ध पडत, आणि त्यांतलीं पुष्कळ दगावत. २०१४ सालीं भारतीय व अमेरिकन तज्ज्ञांनीं मिळून त्याचा तपास केला, आणि २०१७ मध्यें तो लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या मासिकांत प्रसिद्ध झाला. पुष्कळ मुलांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली होती. आजारी मुलांत, इतर मुलांच्या मानानें, लिची खाल्लेलीं व रात्रीं न जेवतां झोपलेलीं मुलें अधिक आढळलीं. लिचींत, विशेषतः कच्च्या लिचींत, हायपोग्लायसिन नांवाचें व त्याच जातीचें दुसरें एक द्रव्य असतें. तें यकृताचें नवी साखर बनविण्याचें काम बंद पाडतें. पोट भरलेल्या मुलाला पिकल्या लिचीपासून भय नाहीं. पण अर्धपोटीं मुलाची कोठी रात्रींच रिकामी होते, आणि नवी साखर तयार होत नाहीं. कारणांविषयीं सर्व तज्ज्ञांचें एकमत नाहीं. कडक उन्हाळ्याचाहि यांत हात असावा, असें कांहीं मानतात. परंतु मुलाला रात्रीं उपाशी झोपूं देऊं नये, आणि आजारी मुलाची साखर तात्काळ तपासून ग्लुकोज द्यावें, हा उपदेश त्या तपासांतून निघाला. तरीहि जून २०१९ मध्यें त्या भागांत शंभराहून अधिक बालकें दगावलीं. रात्रीच्या एका जेवणाची किंमत किती असते, हें यावरून कळावें.

आपल्या शहरी घरांतून मात्र साखर उतरण्याचें नेहमींचें कारण निराळें आहे, आणि तें म्हणजे औषध. औषधाचा हा गुण आणि हा धोका दोन्हीं एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं माणसाच्या ध्यानांत आले. कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं १९२१ सालीं इन्सुलिनचा शोध लावला, आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलाला तें प्रथम टोचण्यांत आलें. त्याच सुमारास त्यांचे सहकारी कॉलिप हे सशांवर हा अर्क टोचून त्याची शक्ति अजमावीत होते. अर्क जास्त झाला कीं ससे आंचके देऊन निपचित पडत. आणि ग्लुकोज टोचलें कीं तेच ससे थोड्याच वेळांत उठून बसत. पुढें इन्सुलिनचें मापहि ह्यावरूनच ठरलें: उपाशी सशाच्या रक्तांतील साखर ४५ पर्यंत उतरविण्यास जेवढें लागेल तें आरंभींचें एकक. लक्षावधि लोकांचे प्राण वाचविणारें हें औषध मोजूनच घ्यावयाचें असतें, हा धडा पहिल्याच दिवशीं मिळाला होता.

आतां लक्षणें पाहूं. तीं दोन प्रकारचीं असतात, आणि हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिलीं लक्षणें ॲड्रिनॅलिनमुळें येतात: हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, कडकडून भूक लागते, जीव घाबरा होतो. हा शरीरानें दिलेला इशारा होय. या वेळीं माणूस शुद्धीवर असतो, आणि आपल्या हातानें साखर खाऊं शकतो. दुसऱ्या प्रकारचीं लक्षणें मेंदूला साखर न मिळाल्यामुळें येतात. डोळ्यांपुढें अंधुक दिसतें, जीभ जड होते, साधी बेरीज जमत नाहीं, चालतांना झोंक जातो, स्वभाव एकाएकीं पालटतो. आणि साखर त्याहूनहि उतरली तर आंचके येतात, शुद्ध हरपते. ७० च्या खालीं आंकडा गेला कीं सावध व्हावें आणि ५४ च्या खालीं गेला तर तें गंभीर समजावें, असा आजच्या डॉक्टरांचा संकेत आहे.

दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांत एक मोठी पंचाईत आहे. ज्या मेंदूनें संकट ओळखावयाचें, तोच उपाशी असतो. समजा, एक वयस्क गृहस्थ आहेत, स्वभावानें शांत. दुपारीं साडेबारा वाजतां सून जेवावयास बोलावते तेव्हां ते उगाच तिच्यावर खेंकसतात. "मला कांहीं झालेलें नाहीं, मला एकट्याला बसूं दे," असें म्हणतात. कपाळावर घाम आहे, तो उन्हाळ्याचा समजला जातो. बोलणें अडखळतें आहे, तें रागाचें समजलें जातें. घरचीं माणसें दुखावून बाजूला होतात, आणि अर्ध्या तासानें ते खुर्चींतच निश्चेष्ट सांपडतात. रस्त्यावर हाच प्रकार घडला तर लोक त्याला दारूडा समजून बाजूनें निघून जातात. फार वृद्ध माणसाच्या बाबतींत म्हातारपणाचा भ्रम म्हणून सोडून दिलें जातें. म्हणून, मधुमेहाचें औषध घेणारें माणूस एकाएकीं विचित्र वागूं लागलें तर त्याच्याशीं वाद घालूं नये. आधीं साखर तपासावी. ग्लुकोमीटर हाताशीं नसेल तर आधीं साखर द्यावी. साखर चुकून जास्त झाली तर थोड्या वेळापुरता आंकडा वाढेल. ती देण्यास उशीर झाला तर प्राणावर बेतेल.

कोणत्या औषधांनीं साखर फार उतरते? इन्सुलिननें, आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडणाऱ्या गोळ्यांनीं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड हीं यांतलीं नेहमींचीं नांवें होत. नुसत्या मेटफॉर्मिननें तसें क्वचितच होतें. तेव्हां आपल्या घरांतील गोळी कोणत्या गटांतली, हें प्रत्येकानें डॉक्टरांना विचारून ठेवावें. मूत्रपिंडें क्षीण झालीं असतील तर औषध अंगांत अधिक वेळ राहतें आणि धोका वाढतो. रिकाम्या पोटीं मद्य घेणेंहि घातक, कारण मद्य यकृताला नवी साखर बनवूं देत नाहीं. नेहमींपेक्षां अधिक चालणें, जिने चढणें, दिवाळीची साफसफाई यांनीं साखर खर्च होते, आणि तिचा परिणाम कित्येक तासांनंतरहि जाणवतो.

परंतु आपल्याकडे सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे गोळी वेळेवर आणि जेवण अवेळीं. लग्नघरीं मुहूर्त बाराचा, पंगत दोनला. इंजेक्शन मात्र घरून निघतांना टोचलेलें. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटांत अन्न नाहीं. गोळी मात्र सकाळीं नेमानें घेतलेली. श्रद्धेविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. इतकेंच सांगावयाचें कीं, माणूस उपवास करतो, गोळी उपवास करीत नाहीं. उपवास करावयाचाच असेल तर त्या दिवशींची मात्रा कशी बदलावी हें चार दिवस आधीं डॉक्टरांना विचारावें. स्वतःच्या मनानें औषध बंदहि करूं नये आणि तसेंच चालूंहि ठेवूं नये. आणि उपवासाच्या दिवशीं साखर उतरल्याचें लक्षण दिसलें तर उपवास तत्क्षणीं सोडावा. आजाऱ्याला धर्मानेंहि सूट दिलेली आहे.

इन्सुलिन टोचणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हांच्या मिळतात: कांहींत दर मिलिलिटरला ४० एककें असतात, कांहींत १००. त्यांच्या सिरिंजाहि निरनिराळ्या: ४० साठीं लाल टोपीची, १०० साठीं नारिंगी टोपीची. १०० च्या बाटलींतून ४० च्या सिरिंजेनें २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलें तर अंगांत २० नव्हे, ५० एककें जातात, म्हणजे अडीचपट! बाटलीवरचा आंकडा आणि सिरिंजेवरचा आंकडा एकच आहे ना, हें दर वेळीं वाचून पाहावें. हें काम घरांतील शाळकरी मुलाकडेहि सोंपवितां येईल.

कांहीं माणसांत पहिला इशाराच उमटत नाहीं. अनेक वर्षांचा मधुमेह असेल, किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर शरीर त्या स्थितीला सरावतें. घाम नाहीं, थरथर नाहीं, एकदम भ्रम. कांहीं आठवडे साखर मुळींच उतरूं दिली नाहीं तर ही गेलेली जाणीव पुष्कळदां परत येते. रक्तदाबाकरितां किंवा हृदयाकरितां देण्यांत येणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटांतील औषधांनींहि थरथर आणि धडधड झांकली जाते. घाम मात्र बहुधा येतोच. झोपेंत साखर उतरली तर वाईट स्वप्नें पडतात, अंगांतले कपडे घामानें भिजतात, सकाळीं डोकें दुखतें. "रात्रीं झोप नीट लागली नाहीं" एवढ्यावर ही तक्रार सोडून देऊं नये.

आतां उपचार. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळतां येत असेल, तर १५ ग्रॅम साखर द्यावी: तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यांत ढवळून, अथवा अर्धा कप गोड फळांचा रस. मग १५ मिनिटें थांबून साखर पुन्हां तपासावी. ७० च्या वर आली नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हां द्यावी. बरें वाटल्यावर, जेवणास अवकाश असेल तर, पोळी, बिस्किटें, दूध असें कांहीं खावयास द्यावें. नाहीं तर साखर पुन्हां उतरते. पेढा, बर्फी, चॉकलेट हे पदार्थ गोड असले तरी या वेळीं उपयोगाचे नाहींत. त्यांतल्या स्निग्धांशामुळें साखर रक्तांत पोंचावयास उशीर लागतो. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हें औषध चालू आहे त्यांनीं विशेष लक्ष द्यावें. हीं औषधें घरगुती साखरेचें आंतड्यांतील विघटन लांबवितात, म्हणून त्यांना ग्लुकोजच द्यावयास हवें. अशा घरीं ग्लुकोजच्या पुडीचा डबा अवश्य असावा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. पाणी नको, साखर नको, मधहि नको. तें श्वासनलिकेंत जाऊन गुदमरण्याची भीति असते. त्याला कुशीवर वळवावें आणि विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकागॉनचें इंजेक्शन घरीं असेल व तें टोचण्याचें शिक्षण कोणी घेतलें असेल तर टोचावें. रुग्णालयांत शिरेंतून ग्लुकोज देतांच माणूस पुष्कळदां तेथल्या तेथें डोळे उघडतो. परंतु त्यानें भुलून जाऊन लगेच घरीं परतूं नये. वर सांगितलेल्या गोळ्यांचा अंमल दीर्घकाळ टिकतो, आणि तासा-दोन तासांत तीच अवस्था पुन्हां येऊं शकते. त्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालींच राहूं द्यावें.

येथें एका गैरसमजाचाहि निरास केला पाहिजे. ज्यांना मधुमेह नाहीं, औषध नाहीं, असे पुष्कळ लोक जरा चक्कर आली कीं "साखर कमी झाली" म्हणून मोकळे होतात. अशा माणसांत खरोखर साखर उतरणें दुर्मिळ आहे. अमेरिकन शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल यांनीं १९३८ च्या सुमारास यासाठीं तीन कसोट्या सांगितल्या, त्या आजहि मानल्या जातात: लक्षणें दिसलीं पाहिजेत, त्याच वेळीं तपासलेल्या रक्तांत साखर कमी सांपडली पाहिजे, आणि साखर दिल्यावर तीं लक्षणें गेलीं पाहिजेत. तीन्हीं जुळलीं तर डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधावें. न जुळलीं तर चक्कर येण्याचें कारण दुसरीकडे पाहावें.

मी डॉक्टर नव्हें. जन्मभर मुलांना शिकविणारा शिक्षक आहें. येथें सांगितलेलें ज्ञान डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊं शकत नाहीं. पण डॉक्टर महिन्यांतून दहा मिनिटें भेटतात, आणि साखर उतरते ती स्वयंपाकघरांत, देवळाच्या रांगेंत, आगगाडीच्या डब्यांत. साखर उतरल्याचा प्रसंग घडला तर त्याची तारीख व वेळ वहींत लिहून ठेवावी आणि पुढच्या भेटींत ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी. मात्रा कमी करावी लागेल. वृद्ध व अशक्त माणसाची साखर फार कसोशीनें खालीं ठेवूं नये, असेंच आतांचे तज्ज्ञहि सांगतात. घरांतल्या प्रत्येकास, मोलकरणीस व शेजाऱ्यासहि, हीं लक्षणें एकदां समजावून द्यावींत. औषध घेणाऱ्यानें खिशांत ग्लुकोजची पुडी आणि आपल्याला मधुमेह आहे असें लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ती पुडी स्वतःच्या हातानें उघडण्याची शुद्ध त्या वेळीं त्याला असेलच असें नाहीं. ती कोठें आहे हें जवळच्या माणसाला ठाऊक असलें पाहिजे.